दुरुस्ती तालुक्यापर्यंत पोहोचली पाहिजे : केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय : मोबाईल फोनचा दुरुस्ती निर्देशांक ठरवताना तालुक्याच्या ठिकाणचा ग्राहक आणि कारागीर विचारात घेण्याबाबत.

महोदय,

आपल्या विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नेमलेल्या समितीने मोबाईल फोन व इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या गुणांचा, अहवाल ३ मे २०२५ रोजी आपल्याकडे सोपवला. वस्तू उघडण्यासाठी किती खोलवर जावे लागते, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वाजवी मुदतीत मिळतात का, सॉफ्टवेअरचे अपडेट येत राहतात का, हत्यारे कोणती लागतात आणि स्क्रू कोणत्या जातीचे आहेत, हे त्यातले निकष वाचल्यावर ते फोन स्वतः उघडून पाहिलेल्या माणसांनी लिहिले असावेत असे वाटले. सरकारी अहवालाबद्दल असे वाटण्याची वेळ क्वचित येते. तरीही दुरुस्ती कुठे होते, हा प्रश्न मला त्या निकषांत दिसला नाही. मराठवाड्यातून पाहिले तर तोच पहिला प्रश्न आहे, आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर येथे सेवा केंद्र चालवतो. फॉर्म भरणे, केवायसी करणे, उतारे काढून देणे हा माझा रोजचा व्यवसाय असल्यामुळे लोकांच्या हातातले फोन आणि त्या फोनवर अडलेली कामे या दोन्ही गोष्टी माझ्या टेबलावर येतात. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. ही नोंद नसेल तर हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत अनेक ठिकाणी अडते. शेतकरी ओळख क्रमांकासाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी यावा लागतो. लाडक्या बहिणीची ई-केवायसीही ओटीपीशिवाय पुढे सरकत नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी ॲपवर, फोटोसह, घेणे सक्तीचे झाले. या योजना चांगल्या की वाईट, याची चर्चा इथे करत नाही. शासनाने फोन ही चैनीची वस्तू राहू दिलेली नाही, एवढेच नोंदवतो. रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक ज्या पिशवीत असते त्याच पिशवीत आता फोनही असतो, आणि पासबुक फाटले तर बँक दुसरे देते, तसे फोनच्या बाबतीत होत नाही.

फोन बिघडल्यावर इथे काय होते ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण दिल्लीत बसून ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ हे शब्द फार सोपे वाटतात. बहुतेक कंपन्यांची अशी केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात, काहींची तिथेही नसतात आणि थेट छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड गाठावे लागते. ज्याच्या अंगावर रोजंदारी आहे त्याचा जाण्यायेण्यात एक दिवस जातो. तिथे ‘पार्ट मागवावा लागेल, आठ दिवसांनी या’ असे उत्तर मिळाले तर दुसराही दिवस जातो. बीड जिल्ह्यातली ऊसतोड जोडपी दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात. त्यांनी कोणत्या केंद्रावर, कोणत्या वारी जावे? म्हणून माणूस बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्याकडे जातो. त्याच्याकडे हॉट एअरचे मशीन असते, काच सोडवायचे सेपरेटर असते, छोट्या डब्यांत चार्जिंगच्या पिना, स्ट्रिपा आणि सब-बोर्ड लावून ठेवलेले असतात. विद्या त्याने उस्तादाकडून आणि यूट्यूबवरून घेतलेली असते. माल हैदराबादच्या जगदीश मार्केटमधून किंवा दिल्लीच्या गफ्फार मार्केटमधून येतो. फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा एकत्र संच, गेला असेल तर तो ग्राहकाला दोन भाव सांगतो, ओरिजिनलचा एक आणि कॉपीचा एक, आणि ओरिजिनलचा भाव ऐकून ग्राहक बहुधा कॉपीच बसवून घेतो. पुष्कळदा तो ओरिजिनलही खरोखर कंपनीचाच आहे की नाही हे दुकानदारालाही सांगता येत नाही, कारण कंपनी त्याला तो विकतच नाही.

या माणसाला ‘अनधिकृत’ म्हणणे कंपन्यांना सोयीचे आहे. मराठवाड्यातल्या अनेक गावांचा अनुभव विचाराल तर त्याच्याशिवाय दुसरा कोणी त्यांनी पाहिलेलाच नाही. त्याच्या हातून बॅटरी फुगते, कॉपीचा डिस्प्ले दोन महिन्यांत टच सोडतो, हे खरे आहे. पण अस्सल भाग, आकृती आणि हत्यारे त्याच्यापासून लपवून ठेवायची आणि मग त्याचे काम कच्चे आहे म्हणून त्यालाच दूर ठेवायचे, हा युक्तिवाद ग्राहकाच्या बाजूने कधीच तपासला गेला नाही. शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा इतिहास आठवून पाहावा. मोटार जळाली की शेतकरी ती मोटारसायकलवर टाकून तालुक्याच्या वायंडिंगवाल्याकडे आणतो, तो जुने वेटोळे मोजून, त्याच गेजची तार बाजारातून आणून, एकदोन दिवसांत मोटार भरून देतो, आणि पाळीचे पाणी चुकत नाही. मोटार कोणत्या कंपनीची आहे याने त्याचे अडत नाही, कारण तार, बेअरिंग, सील हे सगळे उघड्या बाजारात मिळते आणि मोटारीला कुलूप लावलेले नसते. अनेक वर्षे चाललेल्या या व्यवस्थेत मोटार बनवणाऱ्या कंपन्या बुडाल्या नाहीत.

आता बॅटरीविषयी, कारण आमच्या भागात सर्वांत आधी तीच जाते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. तापमान वाढेल तसा तिच्यातला रासायनिक क्षय वेगाने होतो आणि क्षमता कायमची घटते. फोन ३५ किंवा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावा असे कंपन्या स्वतःच माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहितात. परभणी आणि नांदेडचा पारा मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या पुढे जाणे ही बातमी राहिलेली नाही. पत्र्याच्या घरात, ट्रॅक्टरच्या टपावर किंवा सदऱ्याच्या खिशात तो आणखी वर असतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी लागू केलेल्या नियमांत बॅटरीने ८०० पूर्ण चार्जिंगनंतरही किमान ८० टक्के क्षमता टिकवावी असे बंधन घातले आहे. दिवसाला एक चार्जिंग धरले तर हा हिशेब सव्वादोन वर्षांच्या आसपास जातो. नियम चांगला आहे. पण अशा चाचण्या साधारण २०-२५ अंशांच्या खोलीत होतात, आणि तो आकडा जसाच्या तसा उचलून भारतीय खोक्यावर छापला तर आमच्यासाठी त्याला अर्थ उरणार नाही. बॅटरीच्या टिकाऊपणाची चाचणी भारतात ४० अंशांवरही व्हावी आणि दोन्ही आकडे खोक्यावर छापले जावेत, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

जी बॅटरी आमच्याकडे लवकर मरणार हे ठाऊक आहे, ती डिंकाने चिकटवून, मागचे पॅनेल तापवून उचकटल्याशिवाय हाती लागणार नाही अशी का बसवावी? पूर्वी अंगठ्याने मागचे झाकण काढून बॅटरी बदलता येत असे, आणि किराणा दुकानातही ती मिळत असे. कंपन्या म्हणतात की पाणी आत जाऊ नये म्हणून फोन सगळीकडून सीलबंद करावा लागतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, जालना, नांदेडमधल्या गावांत घरात पाणी शिरले, तेव्हा भिजलेले फोन घेऊन आलेल्या लोकांना मी पाहिले आहे, त्यामुळे पाण्याची काळजी मला कमी आहे असे कोणी समजू नये. परंतु आठ-दहा हजारांच्या ज्या फोनवर पाण्यापासून संरक्षणाची कोणतीही हमी कंपनी देत नाही, तोही तितकाच चिकटवलेला असतो. उलट २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस-५ ला पाण्याधुळीपासून संरक्षणाचे आयपी-६७ मानांकनही होते आणि त्याची बॅटरीही हाताने काढता येत होती. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, उपकरणांतल्या अशा बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता व बदलता आल्या पाहिजेत असा कायदा आहे. त्या बाजारासाठी कंपन्यांना काही फोनची तरी रचना बदलावी लागेल. तो बदल भारतात विकल्या जाणाऱ्या फोनलाही मिळावा, आणि दोन रचना करून जुनी इथे खपवली जाऊ नये, यावर विभागाचे लक्ष असावे. असा फोन कदाचित थोडा जाड होईल. आमच्याकडे कोणी जाडीची तक्रार घेऊन येत नाही.

डिंकापेक्षाही अवघड कुलूप सॉफ्टवेअरचे आहे. काही फोनमध्ये डिस्प्ले, बॅटरी किंवा बोटाच्या ठशाचा सेन्सर यांचा क्रमांक मूळ बोर्डाशी बांधलेला असतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग काढून बसवला तरी फोन इशारे देतो किंवा एखादी सोय बंद करतो. आज हा प्रकार मुख्यतः महाग फोनमध्ये दिसतो, पण महाग फोनमधली प्रत्येक गोष्ट तीन-चार वर्षांत स्वस्त फोनमध्ये उतरते, आणि दोन बंद फोनमधून एक चालू फोन करून देणे हे तर आमच्या कारागिरांचे मुख्य काम आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्याने अशा बांधणीला मनाई केली. निर्देशांकात या एका गोष्टीसाठी गुण कापून भागणार नाही. भाग असा बांधलेला असेल तर त्या फोनला वरची श्रेणी मिळूच नये. यात नवे तत्त्व काही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच १४ चारचाकी गाड्यांच्या कंपन्यांना, त्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू देत नाहीत म्हणून, एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. गाडीच्या मालकाला जो न्याय लागू झाला तो फोनच्या मालकाला लागू होण्यात अडचण कोणती, हे मला कळत नाही.

सॉफ्टवेअरची दुसरी बाजू कंपन्यांपेक्षा शासनाकडे अधिक बोट दाखवते, म्हणून ती थोडी जपून पण स्पष्टपणे मांडतो. युरोपीय संघाच्या जून २०२५ च्या त्याच नियमांनी मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान ५ वर्षे अपडेट आणि ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग देण्याचे बंधन घातले आहे. आपल्या निर्देशांकातही अपडेटचा निकष आहे. पण चालू असलेला फोन निकामी होण्याचे एक कारण असे आहे की एखाद्या सरकारी ॲपची नवी आवृत्ती येते आणि ती जुन्या अँड्रॉइडवर उतरतच नाही. फोन लागतो, बोलता येते, कॅमेरा चालतो, फक्त ज्या कामासाठी शासनाने तो सक्तीचा केला ते काम त्यावर होत नाही. मग माणूस उसनवारी करून नवा फोन घेतो आणि आकडेवारीत तो ‘अपग्रेड’ केलेला ग्राहक म्हणून मोजला जातो. सुरक्षेसाठी जुन्या आवृत्त्या कधीतरी सोडाव्या लागतात हे मला मान्य आहे. परंतु ज्या ॲपशिवाय हक्काचा लाभ मिळत नाही, ते किती जुन्या फोनवर चालेल याची मुदत आधी जाहीर झाली पाहिजे, आणि त्या मुदतीनंतर ओटीपी किंवा साधा कागद चालेल असा दुसरा मार्ग उघडा राहिला पाहिजे. हा विषय आपल्या एकट्या विभागाच्या हातात नाही. तरी कंपन्यांना पाच वर्षांचे बंधन घालताना शासनाने स्वतःच्या ॲपना कोणते बंधन घातले, असा प्रश्न कंपन्यांनी विचारला तर उत्तर तयार असावे.

शासनाची आणखी एक भूमिका आहे, ती मोठ्या गिऱ्हाइकाची. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी त्यांना दिलेले मोबाईल शासनाला परत केले होते. फोनची क्षमता तोकडी, ॲप इंग्रजीत, फोन सारखे गरम होऊन बंद पडणारे आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च मानधनातून करायचा, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पोषण आहाराची नोंद ठेवणाऱ्या बाईने दुरुस्तीचे पैसे पदरचे भरायचे, ही कल्पना निविदा लिहिणाऱ्याला कधीतरी खटकायला हवी होती. यापुढे कोणत्याही सरकारी खरेदीत, मग ते सेविकांचे फोन असोत की शाळांच्या टॅब्लेट, दुरुस्ती निर्देशांकाची ठरावीक श्रेणी ही अट असावी आणि बॅटरी, डिस्प्ले, चार्जिंग सब-बोर्ड यांचा पाच वर्षांचा साठा जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवण्याची जबाबदारी पुरवठादारावर असावी. खासगी बाजाराला वळण लावण्याचा एवढा सोपा मार्ग दुसरा नाही.

खासगीपणाचा मुद्दा दुरुस्तीच्या चर्चेत फार कमी येतो. फोन दुकानात द्यायचा म्हणजे त्याचा पासवर्डही द्यायचा, कारण ‘चेक करायला लागतो’. त्या फोनमध्ये फोटो असतात, बँकेचे मेसेज असतात, घरच्या गोष्टी असतात. आणि दुकानदार ओळखीचा असणे हे तालुक्याच्या गावात संरक्षण नसून कधीकधी नेमका धोका असतो. अनेक बाया फोन दुरुस्तीला देण्याऐवजी बंद पडलेला तसाच घरात ठेवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. यावर उपाय निघालेला आहे: सॅमसंगने २०२२ मध्ये आणि गूगलने २०२३ मध्ये आपल्या काही फोनमध्ये अशी सोय दिली की मालकाची सर्व माहिती कुलूपबंद राहते आणि कारागिराला फोन तपासण्यापुरता उघडतो. ही सोय सॉफ्टवेअरची आहे, तिच्यासाठी महागडा सुटा भाग लागत नाही, त्यामुळे ती महाग फोनपुरती ठेवण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा तो फोनच्या किमतीनुसार वाटून दिलेला नव्हता.

सर्वांत मोठी शंका अंमलबजावणीची आहे. अहवालानुसार निर्देशांकाचे गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी व खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसायचे आहेत. स्वतःच्या पेपरला स्वतः गुण देण्याची पद्धत ज्या परीक्षेत असेल तिथे कोणी नापास होत नाही. घोषणेला हरकत नाही, पण तिची पडताळणी बाजारातून, न सांगता उचललेल्या फोनवर झाली पाहिजे, आणि ती प्रयोगशाळेतल्या अभियंत्याबरोबरच तालुक्यात दुकान चालवणाऱ्या कारागिराच्या हातूनही झाली पाहिजे: त्याच्या हत्यारांनी बॅटरी किती वेळात निघते, अस्सल भाग त्याच्या पिनकोडवर किती दिवसांत आणि किती किमतीला पोहोचतो. किमतीचा उल्लेख मुद्दाम करतो. भाग ‘उपलब्ध’ आहे पण फोल्डरची किंमत नव्या फोनच्या निम्मी आहे, तर तो उपलब्ध नसल्यातच जमा आहे; फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लागू केलेल्या निर्देशांकात सुट्या भागाची किंमत हा स्वतंत्र निकष होता, तो आपल्याकडेही असावा. आणि जाहीर केलेले गुण खोटे निघाले तर तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रकार मानून कारवाई व्हावी. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही हे मी लोकांना सांगतो, पण दहा हजारांच्या फोनसाठी परभणीच्या तारखा करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून ही जबाबदारी ग्राहकाच्या तक्रारीवर सोडता येणार नाही.

स्वस्त फोन महाग होतील, असे कंपन्या सांगतील. काही अंशी होतीलही. चार वर्षे चालणारा फोन हजारभर रुपयांनी महाग असेल तर त्यात ग्राहकाचा तोटा नाही, हे दर दीड-दोन वर्षांनी फोन बदलावा लागणाऱ्या कोणालाही बोटांवर मोजून दाखवता येते. फक्त तो फोन चार वर्षे चालेल याची खात्री त्याला खरेदीच्या वेळी कोणीतरी, त्याला वाचता येईल अशा भाषेत, दिली पाहिजे. नुसता क्यूआर कोड त्यासाठी पुरेसा नाही, कारण कोड वाचायला आधी चालू फोन लागतो. श्रेणी खोक्याच्या दर्शनी बाजूला, मोठ्या अक्षरांत, मराठीतही छापली जावी.

शेवटी प्रक्रियेबद्दल एक विनंती. नियमांचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध कराल तेव्हा तो केवळ इंग्रजी पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर ठेवून तीस दिवस मोजू नयेत. मसुदा मराठीत द्यावा, सूचना टपालाने आणि जिल्हा पुरवठा कार्यालयातही स्वीकाराव्यात, आणि देशभरातल्या सुनावण्यांपैकी एक छत्रपती संभाजीनगरला, पैठण गेटच्या मोबाईल बाजारापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावी, म्हणजे धंदा न बुडवता कारागिरांना येता येईल. तालुक्यातल्या कारागिरांना तारीख कळवण्याचे आणि त्यांचे म्हणणे लिहून आणण्याचे काम आमच्यासारखे सेवा केंद्रचालक करतील.

आपला विश्वासू,
एक सेवा केंद्रचालक,
जिंतूर, जि. परभणी